मामाचा आजार आणि माझं आडनाव

आजचा एपिसोड जरा घरचा आहे. एसटीत बसून ऐकत असाल तर हेडफोन लावा, नाहीतर शेजारचा माणूस त्याच्या घरातली अशीच गोष्ट सांगायला लागेल आणि माझा एपिसोड राहील बाजूला.

मी बारामती तालुक्यातला. आजोळ इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या जवळ. माझ्या धाकट्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे. मी तिसरीत होतो तेव्हा सुरू झालं. रात्री उसाला पाणी धरायला गेला की त्याला माणसं बोलताना ऐकू यायची, तीही त्याच्याचबद्दल. पहिली तीन वर्षं देवऋषी, अंगारा, लिंबू यातच गेली. 'बाहेरचं आहे' म्हणून. मग कुणीतरी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं. आज तो रोज गोळ्या घेतो, गोठा सांभाळतो, डेअरीला दूध घालतो, आणि आयपीएलचे स्कोअर त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात.

गेल्या दिवाळीनंतर थोरल्या मामाच्या मुलीला स्थळ आलं. पत्रिका जुळली, पसंती झाली, बैठकीचा दिवस ठरला. बैठकही झाली. आणि दोन दिवसांनी निरोप: 'त्यांच्यात वेडेपणा आहे, पुढं रक्तात उतरायचा.' संपला विषय.

आता गंमत बघा. त्याच महिन्यात मलाही दोन स्थळं सांगून आली. पॅकेज विचारलं, पुण्यात फ्लॅट आहे का विचारलं. मामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ती त्याची पुतणी, मी त्याचा भाचा. जनुकांच्या हिशेबात आम्ही दोघं त्याला सारखेच जवळ, सरासरी 25 टक्के डीएनए दोघांचाही त्याच्याशी जुळतो. फरक एकच. तिचं आडनाव त्याचं आहे, माझं नाही.

डोकं फिरलं माझं. बीटेक माणूस डोकं फिरल्यावर काय करतो? रात्री दोनपर्यंत पेपर वाचतो.

वाचताना एक नाव सारखं समोर येत होतं: डॉ. विश्वजित निमगावकर. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात मानसोपचार आणि मानवी आनुवंशिकीचे प्राध्यापक. (महाराष्ट्रात निमगावं ढीगभर आहेत, त्यामुळं गाववाले म्हणून दावा करत नाही. मोह झाला होता.) तेव्हा दिल्लीच्या राम मनोहर लोहिया हॉस्पिटलमध्ये असलेल्या डॉ. स्मिता देशपांडे यांच्यासोबत त्यांनी कित्येक वर्षं स्किझोफ्रेनियावर काम केलंय. मला त्यातला 1998 चा पेपर सगळ्यात आवडला, आणि त्यात एकही जनुक नाही. जनुकांच्या अभ्यासासाठी रुग्णाला आणि घरच्यांना जी लांबलचक प्रश्नावली विचारतात, ती हिंदीत आणून तपासण्याचं काम आहे ते. कारण साधं आहे. 'आवाज ऐकू येतात का' हा प्रश्न माणसाला त्याच्या भाषेत नीट कळलाच नाही, तर पुढं रक्त तपासून करायचं काय? इनपुट चुकीचं तर आउटपुट चुकीचं.

निमगावकरांनी 1990 च्या दशकात एचएलए जनुकांवर काम केलं. ही जनुकं रोगप्रतिकारशक्तीची. मेंदूच्या आजाराचा तिथं काय संबंध, असं वाटेल. पण 2009 मध्ये मोठ्या अभ्यासांत नेमका गुणसूत्र 6 वरचा तोच भाग वर आला. मग 2016 मध्ये हार्वर्डच्या स्टीव्ह मॅकॅरल आणि बेथ स्टीव्हन्स यांच्या गटानं त्याच भागातलं सी-फोर नावाचं जनुक पकडलं. वाढत्या वयात मेंदू नको असलेल्या जोडण्या छाटतो, द्राक्षबागेत छाटणी करतात तसं. सी-फोर त्या छाटणीत भाग घेतं. ते जास्त काम करत असेल तर छाटणी जरुरीपेक्षा जास्त होत असावी, असा अंदाज आहे. आजार बहुतेकदा विशी-पंचविशीच्या आसपासच का दिसतो, याच्याशी हे जुळतं. मामा तेव्हा बावीसचा होता.

पण म्हणून सी-फोर म्हणजे 'वेडाचं जनुक' नाही हं! 2014 मध्ये जीनोमवरच्या अशा 108 जागा सापडल्या होत्या. 2022 मध्ये 76,755 रुग्ण आणि 2,43,649 इतर लोकांचा डेटा घेतल्यावर 287 झाल्या. प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर. यातले बरेच बदल तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, नकार देणाऱ्या त्या काकांमध्येही आहेत. आपण कोडमध्ये एक बग शोधून फिक्स करतो, तसं इथं नाही. हजारो सेटिंग थोड्या थोड्या इकडंतिकडं असतात, आणि वरून गर्भातलं पोषण, ताण, गांजा असं बरंच काही.

आता सगळ्यात जास्त गोंधळाचा आकडा. 'स्किझोफ्रेनिया 80 टक्के आनुवंशिक आहे' असं रील्सवर ऐकलं असेल. आकडा जुळ्यांच्या अभ्यासातून आलाय, खोटा नाही. पण त्याचा अर्थ 'मुलाला होण्याची शक्यता 80 टक्के' असा होत नाही. लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांमुळं, एवढंच तो सांगतो. शक्यतेचे आकडे वेगळे. कुणालाही आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता साधारण 1 टक्का. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर 10 च्या आसपास. काका किंवा मामाला असेल तर 3 ते 4. म्हणजे माझ्या बहिणीला आणि मला तो न होण्याची शक्यता 96 टक्क्यांच्या वर. अगदी एकसारख्या जुळ्यांतसुद्धा, एकाला असला तरी निम्म्या वेळा दुसऱ्याला होत नाही.

शिवाय दहापैकी जवळपास नऊ रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतोच. मग घराणं बघून स्थळ चाळून उपयोग काय? आणि रक्ताची एवढी काळजी असेल, तर आपल्याकडं मामाची मुलगी करतात तेव्हा कुठं जाते ती? इतक्या जवळच्या नात्यात लग्न केलं की काही आनुवंशिक आजारांचा धोका खरंच वाढतो. तिथं मात्र 'घरातलीच आहे, बरं झालं.'

काही जण म्हणतील, मग डीएनए टेस्ट करून टाकू. मलाही वाटलं होतं. पण हे अभ्यास बहुतांशी युरोपियन आणि पूर्व आशियाई लोकांवर झालेत. 2019 मध्ये मोजलं तेव्हा अशा जीनोम अभ्यासांतले साधारण 79 टक्के लोक युरोपियन वंशाचे होते. तिकडच्या डेटावर बनवलेला रिस्क स्कोअर इंदापूरच्या माणसाला लावणं म्हणजे लंडनच्या रस्त्यांवर ट्रेन केलेलं मॉडेल भिगवणच्या बाजारात चालवणं. आणि तिकडच्या माणसालाही हा स्कोअर 'होईल की नाही' सांगू शकत नाही.

जे खरंच आपल्या हातात होतं ते म्हणजे ती पहिली तीन वर्षं. उपचार जितका लवकर, तितका माणूस पुढं बरा राहतो. तुमच्या घरात कुणी असं एकटं बोलायला लागलं, घाबरून दारं लावायला लागलं, तर 14416 लावा. टेली-मानस, सरकारी, मोफत, मराठीत बोलता येतं.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं, टक्क्यांसकट. ती म्हणाली, "दादा, मला नको सांगू. पुढच्या बैठकीला ये आणि त्यांना सांग." बैठक येत्या रविवारी आहे. मागच्या वेळी धाकट्या मामाला दिवसभर शेतात पाठवलं होतं. या वेळी मामीनं त्याच्यासाठी नवा शर्ट आणलाय.