उटण्यातील चंदन



नैसर्गिक प्रसाधन म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत एकदा तपासून पाहावी. आपल्या दिवाळीच्या उटण्यातील नागरमोथा लव्हाळ्याच्या जातीचा, उपटला तरी पुन्हा उगवणारा; शिकेकाईच्या शेंगा तोडल्या तरी वेल जिवंत राहते. चंदनाचे तसे नाही. त्याचा सुगंध खोडाच्या गाभ्यात आणि मुळांत असतो, म्हणून वृक्ष मुळासकट काढावा लागतो. १७९२ साली टिपू सुलतानाने त्याला राजवृक्ष ठरविले. २००१ साली कर्नाटकाने खासगी जमिनीतील चंदनावर जमीनमालकाचा हक्क मान्य केला. चोरटी तोड मात्र थांबली नाही. (दहा रुपयांच्या पुडीत अस्सल चंदन असते, असे मानणाऱ्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार!) यंदा आपल्या घरोघरी आंबेहळद, वाळा, कचोरा आणि मसुरीचे पीठ यांचेच उटणे व्हावे, चंदन वगळावे, अशी माझी सूचना आहे.