घरचे कष्ट आणि घरचा पुढाकार

कष्टाची थोरवी सांगणारी व्याख्याने आपल्या देशात पुष्कळ होतात, आणि ती बहुधा अशा लोकांसमोर होतात, की ज्यांना कष्ट निराळे शिकवावे लागत नाहीत. सर्वसामान्य भारतीय कुटुंबात कष्टांचा तुटवडा कधीच नव्हता. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री उद्याचे धान्य निवडून ठेवण्यापर्यंत घरातील स्त्री राबत असते. मात्र या राबण्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. उणीव असते ती दुसऱ्याच गोष्टीची. आपल्या हातातील कसब आपणच ओळखावे, कोणी सांगण्याची वाट न पाहता ते कामी लावावे आणि त्याचा हिशेबही आपणच ठेवावा, याला पुढाकार म्हणतात. श्रमाला त्याची जोड मिळाली म्हणजे घरात काय पालटते, हे पाहावयाचे तर पापडासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूकडे वळावे लागेल.

पापडाचे तंत्र बहुतेक प्रांतांतील गृहिणींना ठाऊक आहे. तमिळनाडूत त्याला अप्पळम म्हणतात, केरळात पप्पडम म्हणतात, एवढाच फरक. उन्हाळ्यात शेजारणी जमवून, आज एका घरचे तर उद्या दुसऱ्या घरचे, असे पापड लाटून होत. या कसबाला किंमत असू शकते, हे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नसे.

दिनांक १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पोळपाट-लाटणी घेऊन बसल्या, त्या विक्रीसाठी पापड करावयास. जसवंतीबेन जमनादास पोपट या त्यांपैकी एक. शिक्षण बेताचे, घरची मिळकतही बेताचीच. भांडवल ऐंशी रुपयांचे, आणि तेही उसने. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांनी ते दिले. हे पैसे कर्जाऊ होते, ही बाब लहान नव्हे. दान घेणाऱ्याला आभार मानावे लागतात; कर्ज घेणाऱ्याला हिशेब ठेवावा लागतो. पुढेही या स्त्रियांनी देणगी न स्वीकारण्याचेच धोरण ठेवले.

भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे माल जाऊ लागला. आरंभी दोन प्रतींचे पापड करण्याचा विचार होता, एक चांगला आणि एक स्वस्तातला. पारेखांनी सल्ला दिला, की प्रत एकच ठेवा आणि ती कधी उतरू देऊ नका. घरी पाहुण्याला एक आणि घरच्यांना दुसरे वाढण्याची सवय असलेल्या समाजात हा सल्ला सोपा नव्हता. तुटलेले पापड विकावयाचे नाहीत, शेजाऱ्यांना वाटून टाकावयाचे, असे ठरले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची झाली.

खरी परीक्षा पाहिली ती पावसाने. ऊन नाही, म्हणून वाळवण नाही. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाली स्टोव्ह पेटवावयाचा! या युक्तीत कोणतेही नवे शास्त्र नाही. मुंबईच्या पावसाळ्यात ओले कपडे वाळविणाऱ्या गृहिणीलाच ती सुचावी अशी आहे. पुढाकार म्हणजे काही अलौकिक साहस असते, या समजुतीला ती खाट हे पुरेसे उत्तर आहे.

काम मागणाऱ्या स्त्रिया वाढल्या. तीन वर्षांत त्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली, तेव्हा गच्चीही अपुरी पडू लागली. त्यावर उपाय निघाला तो असा : पीठ केंद्रात मळावयाचे, प्रत्येकीने ते घरी न्यावयाचे आणि लाटून वाळविलेले पापड परत आणून द्यावयाचे. तपासणी, वजन आणि त्याप्रमाणे लाटणावळ. अशा रीतीने घरातून बाहेर पडलेले काम पुन्हा घरात आले. पण परत आले ते मोल घेऊन. १९६२ साली 'लिज्जत' हे नाव ठरले, १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि १९६८ मध्ये गुजरातेत वालोड येथे शाखा निघाली. काम करणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सदस्य, नफ्यातोट्याची वाटेकरी; पुरुषांना नोकरी मिळू शकते, सदस्यत्व नाही. २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली, त्या सुमारास सदस्यसंख्या ४५,००० च्या आसपास होती.

एवढ्यावरून सारे आलबेल झाले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. काम घरी आले, म्हणून घरकाम कमी झाले नाही. लाटलेल्या पापडांच्या वजनावर मिळणारी रक्कम ही आजाराच्या दिवशी मिळत नाही. उलट, स्वतः मिळविलेल्या पैशाचा परिणाम घरात लवकर दिसतो, हेही तितकेच खरे. शाळेच्या फीसाठी हात पसरावा लागत नाही आणि मुलीचे शिक्षण कोठवर, या चर्चेत आईचा शब्द ऐकून घेतला जातो. तिचे राबणे पूर्वीही तेवढेच होते. आता ते मोजले गेले होते.

एक प्रश्न मात्र संस्थेच्या कोणत्याही नियमाने सुटणारा नव्हता. पीठ आणावयास आई पहाटे बाहेर पडली, म्हणजे चहाचे आधण कोणी ठेवावयाचे आणि धाकट्याला शाळेसाठी तयार कोणी करावयाचे? काही घरांत नवऱ्याने किंवा थोरल्या मुलाने न बोलता ते काम अंगावर घेतले. इतर घरांत ती बाई एक तास आधी उठू लागली.