फटफटीवरची मानवंदना



मुंबईहून उत्तरेकडे निघालेले काही मोटारसायकलस्वार आपल्या घाटकोपरच्या पूर्व द्रुतगती मार्गाने ठाणे-नाशिककडे जातात. त्यांतले काही थेट द्रासपर्यंत मजल मारतात. १९९९ च्या कारगिल युद्धात आपले ५२७ जवान कामी आले. त्यांचे स्मारक तेथे तोलोलिंगच्या पायथ्याशी आहे, आणि २६ जुलैला मानवंदना होते. वाटेत साडेअकरा हजार फुटांवरची झोजिला खिंड ओलांडावी लागते. २०२४ साली युद्धाला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा खुद्द लष्कराने दिंजन, द्वारका आणि धनुष्कोडी या तीन टोकांवरून मोटारसायकलींच्या तुकड्या सोडल्या. त्या दिल्लीत एकत्र आल्या आणि पुढे द्रासला गेल्या.

पोरांची हौस म्हणून हे हसण्यावारी नेणारांपैकी मी नाही. पदरचे पेट्रोल जाळून, थंडीवारा खाऊन कोणी अनोळखी माणसाच्या नावापुढे उभा राहत असेल, तर त्याच्या मनात काहीतरी खरे आहे. (सायलेन्सर काढून गल्लीत झेंडे फिरवणारांची गोष्ट निराळी.) माझी तक्रार एवढीच की, या स्वारीबरोबर मागणी नसते.

अमेरिकेत हा प्रकार सुरू झाला तो मागणीपासून. १९८८ साली व्हिएतनाम युद्धातले जुने सैनिक मोटारसायकली घेऊन वॉशिंग्टनला जमले. शत्रूच्या हाती सापडलेल्या आणि बेपत्ता झालेल्या आमच्या सोबत्यांचा हिशेब द्या, असे त्यांचे सरकारला सांगणे होते. म्हणजे तो आपल्यासारखाच मोर्चा होता, फक्त चाकांवरचा! दरवर्षी तो निघत राहिला आणि त्या संघटनेने २०१९ पर्यंत तो चालवला.

आता आपल्या दाराशी या. येथल्या कामराजनगरात एक आंध्रचे कुटुंब पोटापाण्यासाठी येऊन राहिले होते. वडील मजुरी करीत, आई लोकांच्या घरची धुणीभांडी करी. त्यांचा मुलगा मुरली नाईक सैन्यात अग्निवीर झाला आणि मे २०२५ मध्ये सीमेपलीकडच्या माऱ्यात पूंछ भागात धारातीर्थी पडला. अंत्ययात्रा त्याच्या आंध्रातल्या गावी निघाली, मोठी निघाली, पुढारीही आले.

पण अग्निवीर म्हणजे काय? २०२२ च्या योजनेप्रमाणे नोकरी चार वर्षांची. त्यानंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होणार, बाकीचे घरी. गिरणगाव ज्यांनी पाहिला त्यांना ‘बदली कामगार’ हा शब्द समजावून सांगायला नको. साचा तोच, सूत तेच. पण कायम कामगाराचे हक्क मात्र नाहीत. अग्निवीर कामी आला तर घरच्यांना ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे अनुदान आणि उरलेल्या मुदतीचा पगार मिळतो. रक्कम लहान नाही, आणि ती लपवून मी टाळ्या घेणार नाही. परंतु कायम जवानाच्या कुटुंबाला मिळणारी पेन्शन त्यांना नाही. रक्कम संपते, पेन्शन दरमहा येते आणि हा आपला माणूस होता असे सरकार दरमहा कबूल करते. तोफेच्या गोळ्याने कायम कोण आणि बदली कोण, हे विचारले होते काय? मुरलीच्या आईने याच भेदाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. धुणीभांडी करणाऱ्या बाईने हे धैर्य केले, हे घाटकोपरकरांनी विसरू नये.

म्हणून द्रासला जाणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. जरूर जा. पण वाट दिल्लीवरून नेता येते, तेव्हा तेथे अर्धा दिवस थांबा आणि संरक्षण मंत्रालयात एक अर्ज द्या: रणांगणावर पडलेल्या अग्निवीराच्या आईबापांना कायम जवानाइतकीच पेन्शन मिळावी. अर्जावर सगळ्या स्वारांच्या सह्या हव्यात, आणि पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नका. मसुदा आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी सहानंतर टाइप करून मिळेल.