बाळाच्या वाटीतली साखर



दसरा सरला की अंबाजोगाई, केज, धारूरच्या रस्त्यांनी ट्रक-ट्रॅक्टर भरून टोळ्या निघतात. भांडीकुंडी, पीठमीठ, अंथरूण-पांघरूण, आणि त्यातच आईच्या मांडीवर तान्हं लेकरू. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम कारखान्यावरच्या कोपीत. आज त्या लेकराच्या खाण्याविषयी बोलायचं आहे. बापांनीही ऐकावं, कारण बाजारातून बिस्किटाचा पुडा बहुधा तेच आणतात.

आज भरवलेल्या घासाचा लेकराच्या चाळिशीतल्या मधुमेहाशी संबंध असतो असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण आपल्याच महाराष्ट्रात हे तपासलेलं आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बायांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. बाळं जन्मली सुमारे २.७ किलोची. इंग्लंडमधली, तुलनेला घेतलेली बाळं होती ३.५ किलोची. आपली बाळं लहान, त्यांचं मांस कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीची.

हे का महत्त्वाचं? खाल्लेली साखर खर्च करण्याचं मोठं काम स्नायू करतात. ते इंजिनच लहान असलं आणि पुढं वरून माल भरपूर ओतला, तर साखर रक्तात साठायला लागते. पुण्यात आठ वर्षांच्या मुलांची तपासणी झाली तेव्हा हेच दिसलं. जी जन्मताना लहान होती आणि आठव्या वर्षी वजनदार झाली, त्यांच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव सगळ्यात कमी पडत होता. म्हणून लेकराला उपाशी ठेवायचं का? मुळीच नाही. पहिल्या दोन वर्षांत त्याची उंची आणि मांस वाढलं पाहिजे. नुसती चरबी चढू नये, एवढंच.

आता साखरेची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये साखर रेशनवर होती. सप्टेंबर १९५३ मध्ये रेशन उठलं आणि माणशी रोजची साखर ४० ग्रॅमवरून ८० ग्रॅमच्या घरात गेली. त्या काळाच्या आगेमागे जन्मलेल्या सुमारे ६० हजार माणसांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०२४ साली निष्कर्ष छापले. ज्यांचा गर्भातला आणि पहिल्या दीड-दोन वर्षांचा काळ रेशनमध्ये गेला, त्यांच्यात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा २० टक्क्यांनी कमी निघाला. यात गर्भातल्या काळाचा वाटा साधारण एक तृतीयांश. बाकीचा फायदा जन्मानंतरचा, आणि तोही सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू होतं तिथून ठळक होतो.

आणि आपण काय करतो? पहाटे आई फडात जाते. लेकरू झोळीत, सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. रडलं की साखरपाणी, नाहीतर चहात बुडवलेलं बिस्कीट. त्यानं पोट भरतं, मांस वाढत नाही. वरून चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

म्हणून जन्मल्याबरोबर चीक पाजा, पिळून टाकू नका. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी नको, घुटी नको, गूळपाणी नको. मध तर वर्षाच्या आत नकोच. आजीबाईंना राग येईल, येऊ द्या. अंगावर पाजलं म्हणजे पुढं मधुमेह होणारच नाही, असं काही मी म्हणणार नाही. तो एक भाग आहे. पण हगवणीपासून लेकरू वाचतं, आणि कोपीत तेच आधी सांभाळायचं असतं.

फडावर जाताना दूध पिळून उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवा. थंडीच्या दिवसांत सावलीत ते चार तास टिकतं. वाटी-चमच्यानं पाजा. बाटली नको, ती कोपीत स्वच्छ राहत नाही.

सहा महिन्यांनी उष्टावण करा, पण खिरीवर थांबू नका. मुगाच्या डाळीचं घट्ट खिमट, वर चमचाभर तेल. वरणात मऊ कुस्करलेली भाकरी, बारीक शेंगदाण्याचा कूट, शिजवून कुस्करलेली भाजी, दही. चालत असेल त्या घरी अंडं, पूर्ण शिजवलेलं. पातळ पाण्यासारखं नको. चमच्यावर राहील इतकं घट्ट हवं. आणि दोन वर्षांची होईपर्यंत वाटीत साखर नको. आपणच तोडलेल्या उसाची असली तरी नको.

यंदा निघताना लसीकरणाचं आणि वजनाचं कार्ड पिशवीत घ्या. मुकादमाशी बोलणी होतील तेव्हाच एक गोष्ट ठरवून टाका: अंगावर पिणारं लेकरू असलेल्या बाईनं दोन-तीन तासांनी मोळी बांधणं सोडून झोळीपाशी जायचं, आणि त्याचे पैसे कापायचे नाहीत.