संगणकातील सारीपाट आणि रस्त्यावरची वाहतूक



रस्त्यावर वाहने तुंबली की आपण लगेच कारण शोधू लागतो. पुढे अपघात झाला असेल, एखादी मालमोटार बंद पडली असेल, निदान कोणा मंत्र्यांची गाडी जायची असेल, असे आपण मनाशी धरतो. पण पुष्कळदा अर्धा तास खोळंबून आपण त्या जागी पोहोचतो, तेव्हा तेथे काहीच नसते. रस्ता मोकळा असतो. मग कोंडी झाली कशाने? या प्रश्नाचा उलगडा रस्त्याच्या कडेला उभे राहून होणे अवघड होते. तो व्हायला संगणकाची मोठी मदत झाली. ती कशी झाली आणि आपल्या रस्त्यांना तिचा कितपत उपयोग आहे, याविषयी आज बोलावयाचे आहे.

इंग्रजीत ज्याला सिम्युलेशन म्हणतात, त्याला आपल्याकडे सदृशीकरण, प्रतिरूपण असे शब्द योजलेले आहेत. शब्द जड आहेत. वस्तू तितकी जड नाही. मुले भातुकली मांडतात, तेव्हा खऱ्या संसारातील काही नियम तेवढे उचलतात आणि बाकीचे सोडून देतात. संगणकातही हेच चालते. कोणते उचलले आणि कोणते सोडले, यावर मात्र सारे अवलंबून असते.

१९९२ साली काय नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी एक अगदी साधी मांडणी प्रसिद्ध केली. रस्ता म्हणजे सारीपाटाची एक लांबलचक पट्टी अशी कल्पना करा. तिचे प्रत्येक घर साडेसात मीटरांचे. कोंडीत उभी राहिलेली मोटार, पुढची-मागची थोडी जागा धरून, साधारण एवढी जागा अडवते. एका घरात एकच मोटार. एक चाल म्हणजे एक सेकंद, आणि एका चालीत मोटार जास्तीत जास्त पाच घरे जाऊ शकते. प्रत्येक चालीला सर्व मोटारींनी आधी आपला वेग एका घराने वाढवावयाचा. पुढे मोकळी घरे कमी असतील, तर तो तेवढ्यावर आणावयाचा. मग फासा टाकावयाचा, आणि ठराविक दान पडले तर काही कारण नसताना वेग आणखी एका घराने घटवावयाचा. शेवटी तितकी घरे पुढे सरकावयाचे. नियम एवढेच.

यातील फासा महत्त्वाचा आहे. चालकाचे क्षणभर दुसरीकडे लक्ष जाणे, उगीच ब्रेक दाबणे, पुढची गाडी निघाली तरी आपण निघायला उशीर करणे, हे सर्व त्या एका दानात आले. फासा काढून टाकला, तर सहा घरांमागे एक मोटार एवढी दाटी होईपर्यंत सर्व मोटारी पूर्ण वेगाने, बिनबोभाट चालतात. फासा ठेवला की तेवढ्याच दाटीत कोंडी आपोआप उगवते. एक मोटार किंचित मंदावते; तिच्या मागचीला अंतर कमी पडते, म्हणून ती मंदावते, शिवाय तिचा स्वतःचा फासा असतोच; मागे कोठे तरी एखादीला थांबावेच लागते. थांबलेल्या मोटारीला पुन्हा पूर्ण वेग यायला अनेक चाली लागतात, आणि तोवर मागून नव्या मोटारी येऊन भिडतात. पुढच्या टोकाने मोटारी सुटतात, मागच्या टोकाला जुळतात, आणि कोंडी उलट दिशेने मागे सरकत राहते. म्हणूनच आपण पोहोचतो तेव्हा तेथे काही नसते.

हा केवळ पटावरचा खेळ नव्हे, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. नागोया विद्यापीठातील युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ खऱ्या मोटारी सोडल्या. चालकांना ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने चालावयास सांगितले होते. वाटेत सिग्नल नाही, चौक नाही, अडथळा नाही. तरीही थोड्याच वेळात काही मोटारी थांबू लागल्या, आणि थांबण्याची ती लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे फिरू लागली.

अभियंत्याला याचा लाभ उघड आहे. खऱ्या शहरातील सकाळ एकदाच उगवते. संगणकात तीच सकाळ शंभर वेळा उगवता येते. सिग्नलचे चक्र ९० सेकंदांऐवजी ६० सेकंदांचे केले तर रांग किती घटेल, हे कोणाचा खोळंबा न करता पाहता येते. शंभर वेळा म्हणतो, कारण फाशाच्या खेळात एका डावावरून काही सिद्ध होत नाही. आणि त्याआधी चौकात उभे राहून वाहने मोजावी लागतात, पटावरची रांग खऱ्या रांगेशी ताडून पाहावी लागते. हे काम कंटाळवाणे असते, आणि नेमके तेच टाळले जाते.

आता हा पट हैदराबादच्या किंवा इंदूरच्या एखाद्या चौकात मांडून पाहा. एका घरात एक मोटार, हा पहिलाच नियम कोसळतो. त्या घरात दोन स्कूटरी, एक सायकल आणि तिरपी घुसलेली रिक्षा असते. सिग्नल लाल झाला की दुचाकी फटीफटीतून पुढे येऊन रांगेच्या तोंडाशी जमतात. म्हणून आपल्याकडे मद्रास, मुंबई येथील आयआयटींसारख्या संस्थांतील संशोधकांना रस्त्याची लांबीच नव्हे, तर रुंदीही लहान पट्ट्यांत विभागणाऱ्या निराळ्या मांडण्या कराव्या लागल्या.

पण खरी अडचण मोजमापाची आहे. निरनिराळी वाहने एका मापात आणण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने ग्रामीण रस्त्यांकरिता १९९० साली दिलेल्या कोष्टकात मोटार १, स्कूटर अर्धी, बस ३ आणि बैलगाडी चक्क ८ धरली आहे. रस्त्याची किती जागा अडते, हे सांगायला हे माप ठीक आहे. माणसे किती जातात, हे ते सांगत नाही. साठ माणसे एका बसमधून गेली तर आकडा ३. तीच एकेकट्याने मोटारीतून गेली तर ६०. संगणकाला ‘वाहनांचा खोळंबा कमी कर’ म्हटले तर तो एक उत्तर देईल. ‘माणसांचा खोळंबा कमी कर’ म्हटले तर कदाचित नेमके उलटे.

दिल्लीत २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद या सुमारे सहा किलोमीटरच्या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका झाली, तेव्हा वाद याच मुद्द्यावर पेटला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने २०१२ च्या अभ्यासानंतर मार्गिका काढावी असा कौल दिला. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी, रस्त्यावरून वाहने नव्हे तर माणसे किती जातात हे पाहावयाचे, अशी भूमिका घेऊन ती काढण्याची मागणी फेटाळली. पुढे २०१६ मध्ये मार्गिका उखडली गेलीच.

त्या कोष्टकात पायी चालणारा मुळीच नाही. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील दर शंभरांमागे सुमारे ४४ दुचाकीवरची आणि १९ पादचारी होती. नगरपालिका नव्या उड्डाणपुलाचे संगणकचित्र दाखवील, तेव्हा त्यात रस्ता ओलांडणारे कोणी आहे का आणि ते किती वेगाने चालते, हे जरूर विचारा. सामान्यतः हा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. अठरा मीटर रुंदीच्या रस्त्याला त्या हिशेबाने १५ सेकंद पुरतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणारी वृद्ध बाई तेवढ्या वेळात बारा मीटर आलेली असते, आणि वाहनांचा दिवा हिरवा होतो तेव्हा तिच्यापुढे आणखी सहा मीटर रस्ता असतो.