हे कसलं खातेस गं?

कुणी भाजी निवडत ऐकत असेल, कुणी धुणं वाळत घालता घालता. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आज आम्ही बचत, कर्ज आणि हप्ता यांतलं काहीच बोलणार नाही. आज बोलायचं आहे खाण्याबद्दल, तेही जगावेगळ्या खाण्याबद्दल.

गेल्या पावसाळ्यात आम्ही गटांच्या बैठकीत एक खेळ घेतला. प्रत्येकीनं आपला असा एक खाऊ सांगायचा, जो खाताना बघणारा म्हणतो, ‘हे कसलं खातेस गं?’ आधी सगळ्या एकमेकींकडे बघत बसल्या. मग एकीनं सांगितलं, ‘मी चहात चिवडा टाकून खाते.’ झालं, बांध फुटला. कुणी दूध-भाकरीवर मिरचीचा ठेचा घेते, कुणी केळं आणि चपाती हातानं कुस्करून खाते, कुणाला आमरसाबरोबर तळलेली कुरडईच लागते. एक आजी म्हणाल्या, ‘शिळी भाकरी, ताक आणि कच्चा कांदा. याच्यापुढं तुमचं पनीर काय करायचं?’ हसून हसून पोट दुखलं. बैठक लांबली, पण कुणीही ‘उशीर झाला’ म्हणून उठली नाही.

खरं बघितलं तर आपल्या रोजच्या ताटातही कितीतरी विचित्र जोड्या आहेत. सवय झाली म्हणून त्या विचित्र वाटत नाहीत. गोड पुरणपोळी आणि तिच्याबरोबर झणझणीत कटाची आमटी! लग्नाच्या पंगतीत जिलेबी आणि मठ्ठा! नागपूरकडं पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओततात. खानदेशात फरसाणातली शेव चक्क रश्शात सोडून भाजी करतात. कोकणात फणसाच्या आठळ्या सुकटीबरोबर शिजवतात. आमच्या गटांत या सगळ्या भागांतल्या लेकी सुना होऊन आल्या आहेत. प्रत्येकीनं येताना माहेरची एक चव आणली आणि बहुतेकींना सासरी पहिल्या महिन्यातच ऐकावं लागलं, ‘आमच्यात असलं खात नाहीत.’

मैत्रिणींनो, या जोड्या काही कुणाच्या लहरीतून आलेल्या नाहीत. पुष्कळांच्या मागं पिढ्यान् पिढ्यांची अक्कल आहे. अळूच्या भाजीत आपण चिंच किंवा आंबट चुका का घालतो? अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, त्यानं घसा खाजतो. आंबट घालून नीट शिजवलं की खाज कमी होते. ठाणे-रायगडकडच्या बाया शेवळाच्या भाजीत काकडं नावाची आंबट फळं टाकतात, तेही याचसाठी. खानदेशातली कळण्याची भाकरी घ्या. तिच्यात ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो. धान्यातल्या प्रथिनांत जे कमी पडतं ते डाळ भरून काढते, आणि डाळीत जे कमी ते धान्य. आपल्या खिचडीचंही तेच. हे शोधणाऱ्या बायांनी कुठली पदवी घेतली नव्हती.

मग नावं कशाला ठेवायची? ओडिशात मयूरभंज जिल्ह्यात लाल मुंग्यांची चटणी करतात. बस्तरमध्येही ती खातात, तिला चापडा म्हणतात. ऐकून आपल्यातल्या काहीजणी ‘शी’ म्हणाल्या असतील. पण मयूरभंजच्या त्या चटणीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, जसं कोल्हापूरच्या गुळाला आहे तसं. आपली ज्वारी-बाजरीची भाकरी तरी काय? पाहुणे आले की ती झाकून ठेवायची आणि गव्हाची चपाती करायची, असे दिवस आपण बघितलेत. 2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं, आणि आता शहरातल्या हॉटेलात तीच भाकरी आपल्यापेक्षा महाग विकली जाते. टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्यांचे महोत्सव पावसाळ्यात कृषी विभाग भरवतो. आमच्या एका गटानं तिथं मांडणी लावली. ज्या भाज्या ‘गरिबाचं खाणं’ म्हणून त्या घरात लपवत होत्या, त्याच दुपारच्या आत संपल्या.

नाव ठेवणं ही साधी गोष्ट नाही. पोरीच्या डब्यात बोंबलाची चटणी असली आणि वर्गात कुणी नाक दाबलं, तर ती दुसऱ्या दिवशी डबाच नेत नाही. कोण काय खातं यावरून आपल्या गावात कोण कुठं बसतं हेही ठरत आलंय. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या दलित घरांच्या स्वयंपाकावर ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिलं, ते 2015 साली आलं. जे कुठल्याच पाककृतीच्या पुस्तकात नव्हतं, ते त्यात आलं. आमच्याही गटांत हळदीकुंकवाला सगळ्या येतात, पण डबे एकत्र उघडायची वेळ आली की काहीजणी ‘मी खाऊन आले’ म्हणतात. का म्हणतात, हे आपल्याला सगळ्यांना कळतं. म्हणून त्या खेळानंतर आम्ही ठरवलं, की वर्षातून दोन बैठकांना प्रत्येकीनं घरचंच आणायचं, मधे ठेवायचं आणि ‘हे कसलं’ हा शब्द काढायचा नाही. पहिल्या वेळी काही हात आखडले, ते आम्ही बघितलं. दुसऱ्या वेळी कमी आखडले. एवढंच सांगू शकतो.

आता थोडं वेगळं बोलू. त्या खेळातल्या सगळ्याच गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्या. ‘चहा-भाकरी मला फार आवडते,’ असं निम्म्या जणींनी सांगितलं. आम्ही विचारलं, ‘आवडते की तेवढंच उरतं?’ मग बोलणं बदललं. सकाळी पोरांचे डबे, मालकांची न्याहारी, सासूबाईंचं पथ्य, गुरांचं वैरण-पाणी. या सगळ्यातून उरलेली रात्रीची भाकरी चहात बुडवली की बाईची न्याहारी झाली. रात्री भाजी संपली की मीठ-तेल-तिखट आणि भाकरी. वर्षानुवर्षं तेच खाल्लं की जिभेला तेच गोड लागतं आणि आपण म्हणतो, आवड आहे. शिळी भाकरी-ताक आवडीनं खाणाऱ्या आजींबद्दल आम्ही बोलत नाही, त्या खुशाल खावोत. जिच्या ताटात दुसरं काही येतच नाही, तिच्याबद्दल बोलतोय.

चहाचं आणखी एक आहे. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. लिंबू, आवळा, कैरी, पेरू अशा आंबट-तुरट फळांनी ते जास्त लागतं. म्हणजे पालेभाजीवर लिंबू पिळणं ही चांगली जोडी, आणि भाकरी-चहा ही अंगाला महागात पडणारी जोडी. चहा सोडा असं आम्ही म्हणत नाही, म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही! जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, एवढंच.

आणि शेवटची, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. बैठक संपल्यावर एक जण मागं थांबली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, ‘ताई, मला चुलीची माती खावीशी वाटते. पहिला पाऊस पडला की वासानं जीव राहत नाही.’ मग कळलं, ती एकटी नव्हती. कुणी कच्चे तांदूळ मूठ-मूठ खाते, कुणी पाटीवरची पेन्सिल, कुणी खडू. गरोदर बाई असेल तर घरचे म्हणतात, डोहाळे आहेत, होऊ दे. मैत्रिणींनो, चिंच-आवळ्याचे डोहाळे जरूर पुरवा. पण माती, खडू, राख खावीशी वाटणं ही शरीराची हाक असू शकते. डॉक्टर त्याला पायका म्हणतात, आणि अंगात लोह कमी असलेल्या बायांत ते पुष्कळदा दिसतं. मातीतून जंतांची अंडी पोटात जातात, मग त्रास आणखी वाढतो. हा काही वाईट नाद नाही, आणि लपवायची लाज तर मुळीच नाही.

त्या मैत्रिणीला घेऊन आम्ही उपकेंद्रात गेलो. नर्सबाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठच्याही खाली होतं. गोळ्या सुरू झाल्या, जंताचं औषध झालं. काही महिन्यांनी तीच सांगत आली, ‘ताई, आता मातीकडं बघावंसंही वाटत नाही.’ 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. म्हणजे आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी.

म्हणून आज तीन गोष्टी मागतो. सुनेच्या, शेजारणीच्या, पोरीच्या मैत्रिणीच्या ताटाला नाव ठेवू नका. चाखून बघा, आवडलं नाही तर पुन्हा घेऊ नका, पण तोंड वाकडं करू नका. दुसरं, घरात सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. रोज जमलं नाही तर आठवड्यातून दोनदा बसा. बाई पंगतीत असली की भाजी तिच्यापर्यंत पोचते. तिसरं, तुम्हाला किंवा घरात कुणाला माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील, तर आशाताईंना सांगा आणि रक्त तपासून घ्या. उपकेंद्रात तपासणीला पैसे पडत नाहीत. हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं, गरोदरपणात निदान 11. गरोदर असाल तर लोहाच्या गोळ्या 180 दिवस घ्यायच्या. गोळीनं शौचाला काळं होतं, कधी मळमळतं, म्हणून मधेच सोडू नका, नर्सबाईंशी बोला.

तुमचा जगावेगळा खाऊ कोणता, तो गटाच्या पुढच्या बैठकीत नक्की सांगा. आम्हाला हसायलाही आवडतं आणि चाखायलाही.