माहितीपत्रक लिहिण्यापूर्वी

फवारणीचे दिवस आले की गावासाठी माहितीपत्रक लिहिण्याचे काम पुष्कळदा शाळेतल्या गुरुजींकडे येते. मीही असे एक पत्रक लिहिले होते. ‘पंपाला एक टोपण औषध’ असे लिहून मोकळा झालो. चावडीवर एका शेतकऱ्याने ते वाचले नि विचारले, “गुरुजी, कुठल्या बाटलीचं टोपण? अन् पंप किती लिटरचा?” मला उत्तर देता येईना. ऐकीव माहिती कागदावर उतरवली होती, दुसरे काय!

तेव्हापासून मूळ आधार पाहिल्यावाचून मी लिहीत नाही. पहिला आधार बाटलीवरची चिठ्ठी. दुसरा आता मोबाईलवरही मिळतो. कोणते औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती पाण्यातून मारायचे, याची यादी केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने इंटरनेटवर ठेवली आहे. ती इंग्रजीत आहे आणि प्रमाण हेक्टरी. तेव्हा त्रैराशिक मांडणे आले. समजा, हेक्टरी 500 लिटर पाण्यात 250 मिलिलिटर सांगितले आहे (आकडे नुसते उदाहरणाचे, बरं का!). म्हणजे लिटरला अर्धा मिलिलिटर. 15 लिटरच्या पंपाला साडेसात, 20 लिटरच्या पंपाला दहा. शिक्षक बंधुभगिनींनो, हा हिशेब सातवीच्या मुलांकडून तपासून घ्या. आपली चूक असली तर ती सोडायची नाहीत!

आता शब्दांचे पाहू. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि वाईचा मराठी विश्वकोश इंटरनेटवर घरबसल्या चाळता येतात. मोल्सवर्थचा 1857 सालचा कोश शिकागो विद्यापीठाने तिथे ठेवला आहे. शेतीतले जुने शब्द त्यात पुष्कळ. मात्र कोशातला शब्द अर्थ समजण्यासाठी घ्यावा, जसाच्या तसा पत्रकात घालू नये. ‘प्रतीक्षा कालावधी’ हा शब्द बरोबर आहे, पण भाजी तोडणाऱ्या बाईला त्यातून काय कळणार? ‘फवारल्यावर इतके दिवस भाजी तोडू नये’ असे लिहावे, आणि दिवसांचा आकडा चिठ्ठीवरून घ्यावा.

दुसरे पत्रक छापण्याआधी मी त्याच शेतकऱ्याला वाचून दाखवले. या वेळी तो म्हणाला, “वारा सुटला तर काय करायचं, ते कुठं लिहिलंय?” एक ओळ वाढवली, मगच छापायला दिले.